नाक टोचायचा दिवस

मरणाला फसवता येतं, अशी आमच्या आत्याबाईंची पक्की समजूत होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. यम त्यांच्या लेखी गिरणीच्या फाटकावरच्या दरवानासारखा होता. नजर चुकवली की सुटलात. म्हणून ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिच्या पुढच्या मुलाचं नाक टोचायचं. यम येतो, नाकातली चमकी बघतो, त्याला वाटतं ही तर पोरगी, आणि पोरीसाठी एवढी पायपीट कोण करील! आज हे लिहिताना मला हसू येतं आणि रागही येतो. तेव्हा नुसती भीती होती, कारण टोचायचं नाक माझ्या मुलाचं होतं.

एकोणीसशे तीसच्या आगेमागेची ही गोष्ट. माझं माहेर केम, करमाळा तालुक्यातलं. गावाला रेल्वेचं स्टेशन होतं आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान! लग्न होऊन मी सोलापुरात गिरणीच्या चाळीत आले. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, गिरणीत मागावर होते, धाकटे दीरही तिथंच. भोंगा झाला की दोघं जायचे, भोंगा झाला की यायचे, आणि मधल्या वेळात घरात आत्याबाईंचं राज्य.

माझा पहिला मुलगा कान टोचल्यावर गेला. बाराव्या दिवशी सोनार आला, तार घातली, मूल रडलं, सगळ्यांची मुलं रडतात तसंच. पण दुसऱ्यांची मुलं दूध पिऊन झोपतात आणि कान विसरतात. याचे कान विसरेनात. धार अशी नव्हती, नुसतं ठिबकत होतं. हळद दाबली, चुलीतली राख दाबली, दुपट्यामागून दुपटी बदलली. बघता बघता बाळ मेणासारखं पांढरं झालं आणि संपलं. आत्याबाई म्हणाल्या, सोनाराचा हात वाईट. मग म्हणाल्या, सटवाई कोपली. माझ्या छातीत दूध दाटत होतं आणि पाजायला कुणी नव्हतं, एवढंच मला कळत होतं.

माझ्या माहेरीही मुलगे जगले नव्हते. पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल हे मनाला शिवलं नाही. माझा मोठा भाऊ पायात बाभळीचा काटा मोडून गेला. धाकटा बैलगाडीतून पडला, जीभ चावली गेली, त्यानं गेला. आईचा भाऊ तर मी जन्मायच्या आधीच कसल्याशा गळवापायी गेला होता. प्रत्येक मरणाला आपलं आपलं कारण होतं, त्यामुळं त्यांची मोळी बांधून बघावी असं कुणाला सुचलं नाही. आईला सुचलं असावं. पण माझी आई मनातलं ओठावर येऊ देणारी बाई नव्हती.

दुसरा मुलगा झाला तेव्हा आत्याबाईंनी कंबर कसली. त्याला उकिरड्यावर लोळवून आणलं. शेजारणीला सूपभर कोंड्याला विकला आणि दुसऱ्या दिवशी परत घेतला. हे सगळं मी हसत करू दिलं, उकिरड्यानं कुणाचं काय बिघडतं? राहिलं ते नाक. ते जरा बाळसं धरल्यावर टोचू, असं ठरलं. मला कान आठवत होते. मी टाळत राहिले. कधी त्याला सर्दी झालेली असायची, कधी डोळे आलेले असायचे, एकदा तर मी ग्रहण पुढं केलं. आत्याबाई म्हणायच्या, "तुज्या पोराला काय हुत न्हाय, तुलाच लई हुतंया."

मूल रांगायला लागलं आणि त्याच्या अंगावर निळे डाग उठायला लागले. उंबऱ्याला गुडघा लागला तर गुडघा पेरूएवढा सुजायचा आणि ते आठ आठ दिवस विव्हळायचं. नळावर बायका कुजबुजायच्या. एकीनं तर तोंडावरच विचारलं, "पोराला मारतीस का काय गं?" मी घरी येऊन खूप रडले. एके दुपारी आत्याबाई देवळात गेलेल्या बघून मी मुलाला काखेत मारलं आणि बायकांच्या दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या होत्या. त्यांनी गुडघा बघितला, डाग बघितले, पहिल्या मुलाचं ऐकलं. मग मुलाला सोडून मलाच विचारायला लागल्या.

"तुला भाऊ किती?"

"दोन हुते. गेले."

"कशानं?"

मी काटा सांगितला, जीभ सांगितली.

"आणि तुझ्या आईला भाऊ?"

"एक हुता म्हणं. त्यो बी ल्हानपनीच गेला."

बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. गिरणीतल्या कामगाराची बायको बघून त्यांनी मला समजेल अशा शब्दांत सांगितलं. आपलं अंग डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीत धाग्यांच्या जोड्या असतात, जोडीतला एक आईचा आणि एक बापाचा. रक्त गोठवायचं काम ज्या धाग्यावर असतं, तो माझ्याकडं एक कच्चा होता आणि एक धड. धड होता तो काम सांभाळून घ्यायचा, म्हणून मला काही होत नव्हतं. मुलाला तो धागा फक्त आईकडून मिळतो. बापाकडून त्या जागी जो येतो त्याला हे काम येत नाही. माझ्या दोन्ही मुलांच्या वाट्याला माझा कच्चा आला होता.

"म्हंजी माज्यामुळं?" मी विचारलं.

"तुझा त्यात काही दोष नाही. पण येतं आईकडून."

"मग औषद द्या की."

"औषध नाही, बाई. कुठंच नाही. कापू नको, टोचू नको, मारू नको, पडू देऊ नको. एवढंच तुझ्या हातात आहे."

पुढं शाळेच्या पुस्तकांत पेशीची चित्रं आली, केंद्रक आलं, गुणसूत्रांच्या जोड्या आल्या. मी ते पान बघितलं आहे. चित्र छान रंगीत होतं. माझ्या घराची राखरांगोळी त्यात कुठं दिसत नव्हती.

घरी येताना मी ठरवलं, आत्याबाईंना सांगायचं आणि नाकाचं कायमचं मिटवायचं. पण चाळीच्या जिन्यापर्यंत येता येता मी तो बेत सोडला. कारण त्याच महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं माझ्या दिराशी जमलं होतं. दोघी बहिणी एका घरात, म्हणून आई केममध्ये मिरवत होती. वडील मागेच गेलेले, चुलत्यांच्या दारात वाढलेली पोरगी. असं गिरणीत कमावतं स्थळ पुन्हा कुठून मिळणार? हे आमच्या माहेरच्या बायकांच्या रक्तातून येतं असं मी म्हटलं की बहिणीचं लग्न मोडणार, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. आणि आत्याबाई मालकांना दुसरी बायको करणार, हेही. मी गप्प बसले आणि पोराच्या नाकावर पहारा देत राहिले.

बहीण चौदाची होईपर्यंत लग्न थांबवलं होतं. पोर तीन वर्षांचं होत आलं तेव्हा लग्नाचा बस्ता बांधायचा दिवस ठरला. केमहून आई आणि बहीण आल्या. सकाळी पेठेतून लुगडी, खण, धोतरं आणून चाळीच्या खोलीत मांडली. पाय ठेवायला जागा नव्हती. बहिणीच्या मांडीवर हिरवं लुगडं होतं आणि ती सारखी त्याच्या काठावरून हात फिरवत होती. चौदा वर्षांची पोर. दुपारी डोरल्याचं माप घ्यायला सोनार आला. आत्याबाईंनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि म्हणाल्या, "आता आलाच हायसा, तर आमच्या बाळाचं नाक बी टोचून जावा. किती दिस टाळायचं?"

त्यांनी मुलाला मांडीवर घेतलं. गुळाचा खडा मिळाला म्हणून तो खूश होता.

मी म्हणाले, "आत्याबाई, दाबाची चमकी घालू या की. भोक न्हाय पाडायचं. दिसायला तशीच दिसतीया."

"देवाला फसवती व्हय गं?"

सगळा खटाटोप यमाला फसवण्यासाठीच होता, पण फसवणूकसुद्धा खरीखुरी पाहिजे होती. सोनारानं तार तेलात बुडवली. मालक भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्याकडं मी बघितलं. त्यांनी नजर दुसरीकडं वळवली. आईसमोर बोलणं त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

सोनाराचा हात पोराच्या नाकापाशी गेला आणि मी ओरडले, "थांबा."

"ह्याचं रगत थांबत न्हाय. पैल्याचं बी थांबलं न्हाय. सोनाराचा हात वाईट न्हवता आन् सटवाई बी कोपली न्हवती. माज्या रगतातच हाय हे. माज्या माहेरचं हाय. माजं दोनी भाऊ असंच गेले, मामा बी असाच गेला. डाक्टरीणबाईनी सांगितलंया. टोचलं तर ह्यो मरंल."

मग माझी आई उठली.

"काय बरळतीस? माजी पोरं काट्यानं गेली, पडून गेली. कुणाच्या घरात पोरं मरत न्हाईत?" आणि आत्याबाईंकडं वळून, हात जोडून म्हणाली, "ईहीनबाई, पोरीला नजर लागलीया. तिचं मनावर घिऊ नगा. तुमी टोचा."

तुमी टोचा. हे माझी आई स्वतःच्या नातवाबद्दल म्हणाली. त्या क्षणी मला तिचा जेवढा तिटकारा आला तेवढा कधी कुणाचा आला नाही. आज वाटतं, मी माझं पोर वाचवत होते आणि ती तिचं. पण वाटलं म्हणून तिटकारा धुऊन निघत नाही.

आत्याबाईंनी आईचं खरं धरलं. धरणारच, बाईला पोरांचं मरण नजरेवर आणि सोनारावर टाकणं सोपं असतं. त्यांनी मुलाचं डोकं घट्ट धरलं. मी पुढं झेपावले तर आईनं माझा दंड पकडला. आणि तेवढ्यात लुगड्यांच्या ढिगातून आवाज आला.

"अक्का खरं बोलती."

माझी बहीण मान खाली घालून बसली होती. हात अजून त्या हिरव्या काठावरच होता.

"दादाच्या जिभेचं रगत मीच टिपत हुते. थांबलंच न्हाय. आयनं मला सांगितलंया, कुटं बोलायचं न्हाय म्हून."

आईनं माझा दंड सोडला आणि ती मटकन खाली बसली. सोनारानं कुणाकडं न बघता आपली पेटी आवरली. आत्याबाईंनी माझ्या मुलाला मांडीवरून उचलून खाली ठेवलं, शेजाऱ्याचं मूल ठेवावं तसं. मग आईला म्हणाल्या, "नासकं बी दिलंसा की वो आमाला." संध्याकाळी दिरांनी लुगडी पुन्हा गठ्ठ्यात बांधली आणि पेठेत परत नेली. हिरवं लुगडं बहिणीनं स्वतः घडी घालून दिलं.

पुढचं सगळं माझ्या अंदाजानं झालं. दिरांचं लग्न दुसरीकडं झालं. वर्षाच्या आत मालकांनाही दुसरी बायको आली. मला कुणी घालवलं नाही, एका कोपऱ्यात राहा म्हणाले. पण कोपऱ्यात राहणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी मुलाला घेऊन केमला आले. निघताना मालक स्टेशनवर आले होते. "पोराला जप" एवढंच म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण नुसतं वाईट नसून काय उपयोग?

आईनं दार उघडलं, तोंड मात्र उघडलं नाही. ताटात भाकरी वाढायची आणि उठून जायची. आमच्या भागात बातमी रेल्वेच्या आधी पोचते. बहिणीला बघायला पुन्हा कुणी आलं नाही. एक बिजवर येतो म्हणाला होता, त्यालाही वाटेत कुणी तरी शहाणपण शिकवलं.

बहिणीनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. तिनं माझ्या पोराला आपलं मानलं, किंबहुना माझ्यापेक्षा जास्तच. जुन्या गोधडीचे तुकडे शिवून त्याच्या गुडघ्यांना बांधायची. अंगणातला एकूण एक खडा वेचून टाकायची. त्याला कडेवर घेऊन पॅसेंजर बघायला स्टेशनवर न्यायची आणि इंजिन गेलं की तो तोंडानं इंजिन करत घरी यायचा. पोर भारी बोलकं होतं. एकदा तिला विचारलं, "मावशे, मी काचंचा हाय का गं?" ती म्हणाली, "न्हाय रं, तू सोन्याचा हायेस. म्हून तर जपायचं." त्या दिवसांत मी सुखी होते, असं म्हणायला जीभ कचरते, पण होते. सकाळी तो उठला की एक दिवस मिळाला, रात्री झोपला की दिवस पार पडला.

असंच एका सकाळी भाकरीचा तुकडा तोंडात धरून तो ओरडला, "आई! दात हालतुया!"

गल्लीतल्या सगळ्या मुलांचे दात पडले होते. आपला कधी पडणार म्हणून तो वाट बघत होता. मला तो हलवून दाखवत होता, मावशीला हलवून दाखवत होता, आनंदानं नुसता नाचत होता. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. कापलं नव्हतं, टोचलं नव्हतं, मारलं नव्हतं, पडू दिलं नव्हतं. दाताला कोण सांगणार, पडू नकोस म्हणून?

मग आम्ही त्याला नुसती पेज दिली, दूधभात दिला, तोंडात बोट घालू नको म्हणून शपथा घातल्या. जिभेला कोण बांधून ठेवणार? पोर ते! दुपारी मी जात्यावर होते तेव्हा तो आला, तळहात पुढं केला आणि हसला. तोंड लाल झालेलं होतं. "निघाला बघ!"

तुरटी झाली, हळद झाली, बाभळीच्या सालीचा काढा झाला. आईनं कोपऱ्यातली जळमटं काढून आणली आणि स्वतःच्या हातानं त्याच्या हिरडीवर दाबली, इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा आमच्याशी बोलली, "असं धर." रक्त थांबल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा पाझरायचं. झोपेत ते त्याच्या पोटात जायचं आणि सकाळी तो काळी ओकारी करायचा. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्याला पॅसेंजरमध्ये घालून सोलापूरला निघालो. ज्या गाडीसाठी तो जीव टाकायचा, त्या गाडीत तो डोळेसुद्धा उघडेना. बहीण त्याला सांगत होती, "बग, इंजान कसं वराडतंया," आणि मला त्या इंजिनाखाली जीव द्यावासा वाटत होता.

डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. कापसाचे बोळे दाबले, बर्फ आणवला, नाइलाजानं सुईही दिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या की आता दुसऱ्याचं रक्त याच्या अंगात घालता आलं तरच काही होईल, आणि ती सोय इथं नाही. मी दोन्ही दंड पुढं केले. म्हटलं, माझं घ्या, सगळं घ्या. त्यांनी माझे हात खाली केले. दुसऱ्या दिवशी दुपारी, गिरणीचा भोंगा होत असताना, तो गेला. मालक पाळी सुटल्यावर आले आणि त्याला उचलून घेऊन गेले. त्यांच्या नव्या मुलाचे कान टोचलेले होते, झकास भरून आले होते, असं मला कुणी तरी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बहिणीला त्यांनी विचारलं, "तुझं लग्न झालंय का गं?"

"मोडलं. माज्यात बी हे हाय म्हून."

"कुणी सांगितलं तुला?"

बहिणीनं माझ्याकडं बघितलं.

"अगं, तुझ्या आईकडे एक कच्चा आणि एक धड. हिला कच्चा मिळाला. तुला कुठला मिळाला, कोण सांगणार? निम्म्या बहिणी यातून साफ सुटतात. त्यांची मुलं धडधाकट होतात. तू सुटली असशील, नसशीलही. बघून कळत नाही."

मला त्या बाईंचा असा राग आला! पण चूक त्यांची नव्हती. आईकडून येतं एवढं ऐकून मी पळाले होते, बहिणीचं विचारलंच नव्हतं. आई म्हणत होती आमचं बी चोख, आत्याबाई म्हणत होत्या नासकं, आणि निम्मं असं काही असू शकतं हे आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी काय? सोयरिकीत निम्मं म्हणजे सगळंच.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता. फलाटावर आम्ही रिकाम्या हातांनी बसलो. बहीण म्हणाली, "अक्का, हे निम्म्याचं तुला बस्त्याच्या दिशी ठावं असतं, तर मला बोलू दिलं असतंस का?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. तिला बोलू दिलं नसतं तर त्याला ही तीन वर्षं मिळाली नसती, आणि तिचं घर उभं राहिलं असतं, कदाचित भरलंही असतं. पण तिच्यासमोर मला खोटं बोलता येईना.

"व्हय," मी म्हणाले. "बोलू दिलं असतं."

"न्हाय म्हनाली असतीस तर पुन्ना तुजं त्वांड बगितलं नसतं," ती म्हणाली.

आणि मग तिनं पदर तोंडात कोंबला. तो गेल्यापासून ती रडली नव्हती. मला सावरत होती, पाणी पाजत होती. आता रडायला लागली ती थांबेचना. मी तिला जवळ घेतलं. "माजी," असं काही तरी ती पदरातून म्हणत होती, "माजी पोरं." मला वाटलं, ती माझ्या पोराबद्दल बोलतेय. मग कळलं, ती तिच्या स्वतःच्या, कधीच न झालेल्या पोरांसाठी रडत होती.